जॅक्सन होलची मूस सहल: वरचे ३६५ डॉलर कशाचे?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जॅक्सन होल नावाचं खोरं आहे. तिथे मूस, म्हणजे हरणांच्या कुळातला एक प्रचंड प्राणी, गाडीतून दाखवायला सहली नेतात. अशा दोन सहली आम्ही केल्या. आधी निकाल सांगते, मग तपशील. डिसेंबरातली अर्ध्या दिवसाची सहल: पाचपैकी साडेचार. मे अखेरची पहाटेची सहल: पाचपैकी तीन. कंपनीची वेबसाइट: एक, आणि तोही फोटो चांगले आहेत म्हणून.

कंपनीचं नाव लिहीत नाही. जॅक्सन गावात अशा सहली नेणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. गाड्या सारख्या, दर सारखे, आणि थंडीत सगळ्या एकाच थांब्यावर एकमेकींच्या मागे उभ्या असतात. फरक पडतो तो स्टिअरिंगवर कोण बसलंय याने, आणि ते माणूस उद्या दुसऱ्या कंपनीत गेलं की माझं नावानिशी केलेलं कौतुक फुकट. त्यापेक्षा काय विचारून बुकिंग करावं ते सांगते.

आम्ही राहतो डेन्व्हरजवळ. मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे हिशेब तपासते, आमचे हे फोटो काढतात. त्यामुळे घरातून निघायच्या आधीच पहिला प्रश्न माझ्याकडून आला: मूस बघायला नऊ तास गाडी हाकत वायोमिंगला कशाला? ते तर आपल्या कोलोरॅडोतही आहेत. वॉल्डेनच्या बाजूला जा, रस्त्याकडेला उभे असतात. आता यातली गंमत अशी की कोलोरॅडोतले मूस मुळात बाहेरून आणलेले. १९७८-७९ मध्ये यूटा आणि वायोमिंगमधून दोन डझन मूस आणून त्याच वॉल्डेनच्या बाजूच्या नॉर्थ पार्क नावाच्या खोऱ्यात सोडले, आणि आज राज्यात तीन हजारांच्या आसपास आहेत. ज्यांनी दिले त्या वायोमिंगमध्ये मात्र, निदान जॅक्सनच्या बाजूला, मूसना १९९० च्या सुमारापासून उतरती कळा लागली. निम्म्याहून कितीतरी कमी उरले. घेणाऱ्याकडे भरभराट आणि देणाऱ्याच्या घरी ओहोटी, हे का, ते जागेवर उभं राहून कोणी समजावून सांगेल का, एवढ्यासाठी मी तयार झाले. ह्यांना फक्त शिंगं हवी होती.

खर्च असा. सहल माणशी २०० डॉलरच्या आसपास, टिप वेगळी. ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात स्वतःची गाडी नेली तर आमच्यासारख्या अमेरिकेत राहणाऱ्यांना ३५ डॉलर, आणि तो पास सात दिवस चालतो. म्हणजे आम्हा दोघांना ४०० विरुद्ध ३५. वरच्या ३६५ डॉलरमध्ये नेमकं काय मिळतं, हाच या परीक्षणाचा विषय.

गाडी मिळते. उंच, चारही चाकं फिरवणारी, छत वर उचलता येतं, म्हणजे उभं राहून डोकं बाहेर काढून बघता येतं. सीट गरम. प्रत्येकाला दुर्बीण, शिवाय ट्रायपॉडवरचा एक मोठा स्कोप. घोंगड्या, मफिन, कोको. कोको कोमट होता. तिसऱ्या रांगेतल्याला खिडकी अर्धीच मिळते आणि ते बुकिंग करताना कोणी सांगत नाही, तेव्हा हॉटेलच्या दारात गाडी आली की संकोच न करता पुढे व्हा. या सगळ्याचे मी ५० डॉलर धरते.

उरलेले सगळे गाइडचे.

आमची गाइड तिशीतली मुलगी. याआधी काही हंगाम वन्यप्राण्यांच्या मोजणीच्या कामावर होती. सकाळी सव्वासातला आम्हाला उचललं तेव्हा काळोख होता आणि बाहेर उणे वीस सेल्सियस. गाडीत आम्ही दोघं, टेक्सासचं एक जोडपं आणि मोंटानातले एक टोपीवाले आजोबा. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कोणाला किती जवळून बघायचंय?" सगळे अर्थातच म्हणाले, जितकं जमेल तितकं जवळून. ती म्हणाली, नियम २५ यार्डांचा आहे, म्हणजे साधारण २३ मीटर. अस्वल आणि लांडग्यांसाठी १०० यार्ड. "मी मूससाठी याच्या दुप्पट ठेवते. त्याने कान मागे पाडले आणि मानेवरचे केस उभे केले, की समजायचं आपल्याला निघायला उशीर झाला." ह्यांचा चेहरा पडला. लगेच पुढचं वाक्य आलं: "कॅमेरे गाडीच्या उबेत उघडे ठेवू नका, पिशवीत बंद करून दाराजवळ ठेवा. नाहीतर बाहेर काढता-आत आणता काच धुकटेल." हे आम्हाला कुठल्याही पुस्तिकेत वाचायला मिळालं नव्हतं. मागच्या एका थंडीत ह्यांच्या लेन्सवर याच कारणाने पाणी साचून अख्खी सकाळ वाया गेली होती, त्यामुळे चेहरा पुन्हा वर आला.

गावातून उत्तरेला निघालं की उजव्या हाताला नॅशनल एल्क रेफ्युज लागतं, एल्क नावाच्या मोठ्या हरणांचं अभयारण्य. १९१२ पासून आहे, आणि कडक थंडीत तिथे एल्कना खाणंही घातलं जातं. काही हजार एल्क एका मैदानात. टेक्सासवाल्यांनी इथेच मूस शोधायला सुरुवात केली. गाइड म्हणाली, मूसला कोणी ताट वाढत नाही, त्याचं त्याने शोधायचं. आणि ती डोंगराकडे न वळता ग्रो व्हांत्र नदी ओलांडून केलीच्या सपाटीवर घेऊन गेली.

आम्ही एकटे आलो असतो तर चुकलो असतो ते इथे. मूस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तळं, पाणवनस्पती, गुडघाभर चिखल. सगळ्या कॅलेंडरांवर तेच चित्र असतं. ते उन्हाळ्याचं. डिसेंबरात हा प्राणी झाडही नसलेल्या उघड्या माळावर, सेजब्रश नावाच्या करड्या झुडपांच्या मधोमध उभा असतो. कारण बिटरब्रश. सेजब्रशमध्येच मिसळून वाढणारं, दिसायला काटकुळं झुडूप, पण थंडीत त्या माळावर खाण्यासारखं जे काही उरतं त्यात हे सगळ्यात चांगलं. नोव्हेंबरात वर बर्फ पडायला लागलं की आजूबाजूच्या जंगलांतून, नदीकाठांतून मूस हळूहळू या माळावर उतरतात. मग जानेवारी सरता सरता इथेही बर्फ पोटाला लागतं, झुडपं गाडली जातात, तेव्हा पुन्हा हलतात: काही नदीकाठच्या विलोच्या झुडपांमध्ये, काही फर वृक्षांच्या दाट राईत, जिथे फांद्या बर्फ अडवून धरतात आणि खाली पाय कमी रुततात. एप्रिल-मे मध्ये बर्फ मागे सरेल तसं परत वर. सगळेच जातात असंही नाही. काही मूस वर्षभर एकाच नदीकाठी राहतात आणि काही बफेलो व्हॅलीत थंडी काढून उत्तरेला टीटन विल्डरनेसचं रान आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या दिशेने कित्येक मैल जातात. आई जिकडे नेते तिकडे वासरू जातं, मोठं झाल्यावर बहुधा तोच रस्ता धरतं. ही माहिती ती गाडी चालवता चालवता, आरशात आमच्याकडे बघत देत होती, आणि मधेच थांबून म्हणाली, "तो बघा काळा दगड." दगडाला कान होते.

स्कोपमधून जे दिसलं ते सांगते. मोठा नर, पण शिंग एकच. दुसरं पडून गेलेलं, आणि त्या जागी तळहाताएवढा लालसर ओलसर डाग. मोठ्या नरांची शिंगं डिसेंबरात पडायला लागतात, लहान नरांची मार्चपर्यंत टिकतात. एका बाजूला एवढं वजन राहिल्यामुळे तो मान किंचित तिरकी धरून चालत होता. पाठीवर रात्रीचं बर्फ जसंच्या तसं, वितळलेलं नाही, कारण त्या केसांतून आतली ऊब बाहेरच येत नाही. गळ्याखाली लोंबणाऱ्या केसाळ कातडीला बर्फाचे मणी. खाताना तो चावून तोडत नव्हता. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. फांदी ओठांत धरून बाजूला हिसका द्यायचा, आणि दर हिसक्याला झुडपावरचं बर्फ त्याच्या नाकावर पडायचं. नाक झटकायचा, पुन्हा हिसका. वीसेक मिनिटं आम्ही हेच बघत होतो. टेक्सासच्या बाई कुजबुजल्या की याला थंडी वाजत नाही का. गाइड म्हणाली, उलट आहे. थंडीच्या केसांत असताना उणे पाचाच्या वर पारा गेला की मूसला उकडायला लागतं, आणि उन्हाळ्यात चौदाच्या वर. उणे वीस म्हणजे त्याच्या दृष्टीने छान हवा.

थोडं पुढे गेलो आणि एकाच नजरेत पंधराच्या वर मूस. एरवी एकटा राहणारा प्राणी, एल्कसारखा झुंडीने फिरत नाही. इथे मात्र नर, माद्या, वासरं, काही बसलेले, काही खाणारे, सगळे त्या एका माळावर. गाडीत "वाव" झालं. गाइडने इंजिन बंद केलं आणि विचारलं, "किती वाटतात? भरपूर?" भरपूरच वाटत होते. ती म्हणाली, "या महिन्यात प्रत्येक पाहुणा हेच म्हणून घरी जातो."

मला पूर्ण सहलीत सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही. उन्हाळ्यात हे मूस शेकडो चौरस मैलांत विखुरलेले असतात, एक दिसायला दिवस जातो. थंडीत आसपासचे बरेचसे मूस रस्त्यालगतच्या एका पट्ट्यात येतात. लग्नाच्या मांडवात सगळे नातेवाईक एकदम दिसले म्हणून घराणं वाढलं असं होत नाही. मोजणारे लोकही थंडीतच मोजतात, कारण तेव्हाच दिसतात. पण ते दर थंडीत मोजतात आणि मागच्या आकड्याशी ताडून बघतात. पाहुणा एकदाच येतो. त्याच्याकडे ताडायला मागचा आकडा नसतो. माझ्या धंद्यात याला एका महिन्याच्या शिल्लकेवरून वर्षाचा नफा सांगणं म्हणतात.

मग ओघानेच विषय निघाला की कमी का झाले. टोपीवाले आजोबा तयारच होते: लांडगे. १९९५-९६ मध्ये यलोस्टोनमध्ये लांडगे आणून सोडले, तिथून खाली उतरले, संपवलं सगळं. गाइडने त्यांचं बोलणं खोडून काढलं नाही, हे मला आवडलं. ती म्हणाली, लांडगे मूस मारतात, ग्रिझली अस्वलं वासरं मारतात, यात वाद नाही. पण उतार लागला तो लांडगे या खोऱ्यात येऊन स्थिरावण्याच्या आधी. मग तिने १९८८ काढलं. त्या उन्हाळ्यात यलोस्टोनला लागलेल्या आगींत सुमारे आठ लाख एकर जळालं, आणि दक्षिणेकडची, म्हणजे जॅक्सनचे मूस ज्या दिशेला उन्हाळ्यासाठी जातात त्या भागातली, जुनी दाट जंगलंही त्यात गेली. गवताला, एल्कला आग मानवते. मूसला जुनं जंगल लागतं: उन्हाळ्यात सावलीला, थंडीत बर्फ अडवायला. वायोमिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी माद्यांना कॉलर बांधून पाहिलं, तर जळालेल्या भागात उन्हाळा काढणाऱ्या माद्या हडकुळ्या निघाल्या आणि त्यांच्या अंगाखाली वासरंही कमी. म्हणजे जो लांबचा प्रवास पूर्वी फायद्याचा होता, चांगल्या कुरणाकडे नेणारा, तोच आता तोट्याचा झाला. आणि वाट तर आईने शिकवलेली. ती एका पिढीत बदलत नाही.

त्यावर आजार. रक्तवाहिन्यांत राहणारा एक जंत आहे, घोडमाशी चावली की पसरतो. म्यूल डिअर नावाच्या हरणात तो काही न करता राहतो, मूसला मात्र डोक्याकडे जाणारं रक्त अडवून आंधळं करू शकतो. वायोमिंगमध्ये शिकारीत मारलेल्या मूसची तपासणी केली तेव्हा जवळपास निम्म्यांत तो सापडला होता. आणि गोचिड्या. शरद ऋतूत गवताच्या टोकांवर वाट बघत बसतात, अंगावर चढल्या की अख्खी थंडी तिथेच. एका मूसवर हजारोंनी. बर्फ लवकर पडलं तर बऱ्याचशा आधीच मरतात. शरद लांबला, कोरडा आणि उबदार गेला की त्यांची चंगळ. आजोबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तरीही लांडगे." ती हसली आणि गाडी सुरू केली.

मला वाटतं आजोबांना एक नाव हवं होतं आणि ती नाव द्यायला तयार नव्हती. मी असले लेखापरीक्षण अहवाल बरेच पाहिलेत. तोटा एका खात्यात सापडला की मालकाला बरं वाटतं. तो पाच खात्यांत थोडा थोडा पसरलेला असला की कोणी वाचतही नाही.

परतताना स्नेक नदीकाठी दोन माणसं बर्फातून कॅमेऱ्याचे ट्रायपॉड घेऊन खाली उतरताना दिसली. गाइडने काच खाली करून हाक मारली आणि थांबवलं. १५ डिसेंबरपासून त्या नदीपात्रालगतचा सखल भाग वसंतापर्यंत माणसांना बंद असतो, प्राण्यांना थंडीत उठवून पळवू नये म्हणून. थंडीत मूस साठवलेल्या चरबीवर जगतो, एकदा दचकून पळाला की ती शिल्लक कमी होते. त्या दोघांना हे ठाऊक नव्हतं. आमच्या ३५ डॉलरच्या पर्यायात आम्हीही तिथेच उतरलो असतो, ह्यांचा ६०० मिलिमीटरचा लेन्स घेऊन.

आणि रस्ते. उद्यानातल्या महामार्गावर रात्री ताशी ४५ मैलांची मर्यादा आहे आणि ती गंभीरपणे घ्या. मूस काळा, पाय उंच. हेडलाइटचा उजेड पोटाखालून निघून जातो, आणि धडक बसली की धड थेट काचेवर येतं. जॅक्सन जिच्यात आहे त्या टीटन काउंटीच्या मतदारांनी २०१९ मध्ये प्राण्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून एक कोटी डॉलर मंजूर केले. गावाच्या पश्चिमेला स्नेक नदीच्या पुलाजवळ, जिथे मूस फार मरायचे, तिथे रस्त्याखालून वाटा केल्या आहेत. तुम्ही डेन्व्हरहून रॉक स्प्रिंग्स-पाइनडेलमार्गे आलात तर वाटेत ट्रॅपर्स पॉइंटला रस्त्यावरून जाणारा प्राण्यांचा पूलही दिसेल, २०१२ चा, मुख्यतः प्राँगहॉर्न नावाच्या हरणासारख्या प्राण्यासाठी. तिथे पाच मिनिटं थांबायला हरकत नाही, पैसे लागत नाहीत.

अर्धा गुण कापला तो कोकोसाठी नव्हे. सहल साडेबाराला संपणार म्हणून सांगितलं आणि सव्वाअकराला हॉटेलवर सोडलं, कारण दुपारची तुकडी लवकर बोलावली होती. विचारल्यावर गाइड ओशाळली. तिचा दोष नव्हता. ऑफिसने भरपाई म्हणून टोप्या दिल्या. मी माझी परत केली. ह्यांनी घातली.

आता मे अखेरची. थंडीतली सहल इतकी आवडली की मूसच्या परतीच्या प्रवासाचं दुसरं टोक बघावं म्हणून पुन्हा याच कंपनीकडे गेलो. फोनवर सांगितलं होतं, तीच गाइड द्या. "नक्की प्रयत्न करू" म्हणाले आणि दुसरा मुलगा आला. पहाटे पाच. मुलगा हुशार, डोळा तेज, पण त्याचा सगळा जीव अस्वलांत. त्याचाही इलाज नाही. वसंतात इथे येणाऱ्या प्रत्येकाला ग्रिझली हवी असते. ३९९ क्रमांकाची ती प्रसिद्ध अस्वलीण, जिने रस्त्याकडेला पिल्लं वाढवली आणि जगभरची माणसं इथे ओढून आणली, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये जॅक्सनच्या दक्षिणेला गाडीची धडक बसून गेली, अठ्ठावीस वर्षांची होऊन. तरी गर्दी आहेच. अडीच तास आम्ही ह्या वळणावरून त्या वळणावर, जिथे चार गाड्या थांबलेल्या तिथे आपण पाचवे. अस्वल दिसलं. पाठमोरं. मी बुकिंगमध्ये "मूस" असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि वेबसाइटवर त्या सहलीचं नावही अस्वलांचं नाही.

शेवटी मीच म्हटलं, मूस. तो म्हणाला, "मग गर्दीतच चला," आणि एका पार्किंगच्या मागे घेऊन गेला. विलोच्या झुडपांत मादी आणि तिच्या पायांशी वासरू, दोनचार दिवसांचं असेल. तांबूस, हरणाच्या पाडसासारखे ठिपके नाहीत, पाय अंगापेक्षा मोठे. मादीच्या खांद्यावरचे केस झडून करडी कातडी दिसत होती. थंडीभर गोचिड्यांनी खाल्लं आणि झाडांना घासून घासून तिने उरलेले काढले. डिसेंबरातल्या त्या काळ्याभोर गुबगुबीत जनावरांपैकी ही एक असेल, तर ओळखू आली नसती.

इतक्या रस्त्याजवळ का, तर त्याचं उत्तर त्या मुलाला पाठ होतं, आणि इथे त्याने तिसरा गुण कमावला. जोएल बर्गर नावाच्या संशोधकाने याच खोऱ्यात दहा वर्षं, १९९५ ते २००४, पाहिलं की माद्या व्यायला दरवर्षी सरासरी १२२ मीटर रस्त्याच्या अधिक जवळ येत गेल्या. कारण ग्रिझली रस्त्यापासून लांब राहतात. माणसाची वर्दळ हीच ढाल. त्याच बर्गरने आधी असंही पाहिलं होतं की इथल्या मूस माद्यांना लांडग्याचं ओरडणं ऐकवलं तर त्या ढिम्म उभ्या राहायच्या. पिढ्यान्‌पिढ्या लांडगा पाहिलाच नव्हता. पण ज्यांचं वासरू लांडग्यांनी नेलं, त्या माद्या पुढच्या वेळी त्याच आवाजाला खडबडून उठल्या. हे ऐकत असताना मागे पार्किंगमध्ये कोणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजायला लागला. मादीने मानही वळवली नाही. आम्ही सगळे मात्र दचकलो.

ह्यांना तिथेच सेजमध्ये पडलेलं एक जुनं शिंग दिसलं. फोटो काढा, उचलू नका; उद्यानातून शिंग नेणं गुन्हा आहे. उद्यानाबाहेरच्या सरकारी जमिनीवरही १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी असते. गावातल्या चौकात शिंगांच्या ज्या कमानी आहेत त्या एल्कच्या, आणि त्यांच्याखाली फोटो काढायला काही लागत नाही.

राहिली वेबसाइट. "मूसची रेलचेल", "थंडीत दर्शनाची हमी", खाली पंधरा मूस एका चौकटीत. हमी खरी आहे, म्हणूनच मला ती खटकते. दिसतात ते का दिसतात आणि एकूण किती उरलेत, याबद्दल एक ओळ नाही. ज्या कंपनीची गाइड हे इतकं नीट सांगते, तिच्या मालकाला वेबसाइटवर चार वाक्यं टाकायला काय जातं? मी तसं ईमेल केलं. उत्तर दोन दिवसांत आलं, अगदी नम्र: पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सूट.

सूट घेणार. पण वसंताला नाही, थंडीला. तुम्हीही जाणार असाल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीची सुरुवात धरा. जोडीने शिंगं असलेला मोठा नर हवा असेल तर डिसेंबरचा मध्य उलटू देऊ नका. दोनदा जायचं बजेट असेल तर आधी गाइडबरोबर जा आणि दुसऱ्या दिवशी ३५ डॉलरमध्ये स्वतःच्या गाडीने, त्याच थांब्यांवर. फोनवर बुकिंग करताना गाइडने पूर्वी कुठे काम केलंय ते विचारा. समोरचा अडखळला तर दुसरी कंपनी बघा. गाइड कोण ते लेखी मागा, सुटण्या-परतण्याची वेळही लेखी मागा. आणि कोको घरून न्या.